पडद्याकडे पाठ

४ नोव्हेंबर, मंगळवार

मास्तर गेले. अर्धी दाढी झाली होती तेवढ्यात बासरीवाल्याचा फोन. "गेले रे," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. मी गालाला साबण तसाच ठेवून खुर्चीत बसून राहिलो. शेवटी हिने टॉवेल आणून दिला.

सिनेमात येण्याआधी ते शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळ्यांचे मास्तर. त्यांच्या वाद्यवृंदात मी उभी हयात चेलो वाजवला. बासरीवाला माझ्या पुढच्या रांगेत बसायचा. त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याची मानगूट मला जास्त ओळखीची आहे.

दुपारी औषधं आणायला गेलो तर दुकानदार पुड्या बांधताना मास्तरांच्या त्या शिंप्यावरच्या गाजलेल्या सिनेमातली धून गुणगुणत होता. तो सिनेमा आला तेव्हा हा जन्मला तरी होता की नाही, शंका आहे. धून चेलोची आहे. माझी. म्हणजे मास्तरांची, पण वाजवली मी. त्याला सांगावंसं फार वाटलं. सुटे पैसे घेऊन गुपचूप परत आलो.

५ नोव्हेंबर, बुधवार

दोन फोन. पहिला मास्तरांच्या सहायकाचा. बावीस तारखेला मोठ्या सभागृहात स्मरणाचा कार्यक्रम आहे. पडद्यावर सिनेमातले प्रसंग दाखवायचे आणि खाली आम्ही प्रत्यक्ष वाजवायचं. शिंप्याची धून तुम्हीच वाजवायची, म्हणाला. मी आढेवेढे घेतले ते केवळ घ्यायचे असतात म्हणून.

दुसरा फोन एका चॅनेलच्या बाईंचा. मुलाखत हवी आहे. उद्याच येणार. हिने पडदे धुवायला काढले. मी चेलो पुसला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मुलाखत झाली. छान झाली. फारच छान झाली, आणि म्हणूनच आता चैन पडत नाही.

वार्ताहर मुलगी गोड होती. मला सारखी "सर, सर" करत होती. सर म्हणून मला बँकेतसुद्धा कुणी हाक मारत नाही. तिने विचारलं, "सर, शिंप्याच्या सिनेमात आई जाते तो प्रसंग. आजही लोक ढसाढसा रडतात. त्या वेळी तुमची मनःस्थिती काय होती?"

मला म्हणता आलं असतं की बाई, मनःस्थिती कसली, चहा कधी येतो तिकडे लक्ष होतं. पण तिने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि वरून दृश्य चांगलं दिसत होतं. मी म्हणालो, "पडद्यावर आई जात होती आणि आम्ही सगळे रडत होतो. मास्तरसुद्धा. गज ओढत होतो आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. हा बघा, चेलोवर अश्रूंचा डाग अजून आहे."

कॅमेरावाल्याने डाग अगदी जवळून टिपला.

ही दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ट्रे टीपॉयवर ठेवला आणि आत गेली. डाग कशाचा आहे ते हिला माहीत आहे. भिंगरी चार-पाच वर्षांची असताना तिने गरम दुधाचा पेला चेलोवर ठेवला होता. त्या दिवशी मी एवढा ओरडलो होतो की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले होते.

(भिंगरी म्हणजे आमची मुलगी. आता दातांची डॉक्टर आहे, पण घरात नाव तेच. लहानपणी एक क्षण स्वस्थ बसायची नाही.)

आता खरं लिहितो, इथे कोण वाचतंय. शिंप्याचा सिनेमा मी पाहिलेलाच नाही. रेकॉर्डिंगला पडदा असतो, पण तो वाद्यवृंद चालवणाऱ्यासाठी. त्याचं तोंड पडद्याकडे, आमचं त्याच्याकडे, म्हणजे आमची पाठ पडद्याला. कागदावर लिहिलेलं असतं, रीळ सात, तुकडा तीन. नायक मेला की नायिका हसली, आम्हाला पत्ता नसतो. अख्खं आयुष्य मी सिनेमाकडे पाठ करून सिनेमात काढलं. बरं, घरी येऊन तरी पाहावा, तर रोज नवं काम. भिंगरी किती वेळा मागे लागली होती, बाबा चला ना, तुमचा सिनेमा पाहू या. मी म्हणायचो, स्वयंपाक करणाऱ्याला भूक राहत नाही गं. हे वाक्य तेव्हा मला फार विनोदी वाटायचं.

पण चूक तशी मोठी नाही. लोक म्हणतात त्या सिनेमात आई जाते तेव्हा रडू येतं. लोक असंही म्हणतात की त्या सिनेमातली चेलोची धून ऐकून रडू येतं. तेव्हा दोन्ही एकच असणार, उघड आहे. रडलो एवढंच काय ते तिखटमीठ.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शिंप्याच्या सिनेमाच्या रेकॉर्डिंगचा तो दिवस आज सकाळपासून आठवतोय.

चहाच्या सुट्टीत मास्तर आमच्यात येऊन बसायचे. पोरांच्या गोष्टी निघाल्या होत्या. मी सांगत होतो की आमची भिंगरी दिवसभर घर डोक्यावर घेते, पण मी कामावरून उशिरा घरी जातो तेव्हा अशी गाढ झोपलेली असते की लाकडाचा ओंडका बरा. दिवसभर वाजवून माझी बोटं थांबत नसत. तिच्या शेजारी बसून तिच्या पांघरुणावर बोटं फिरवायचो, तेव्हाच ती बोटं शांत व्हायची. पोरगी पापणीसुद्धा हलवत नसे.

मास्तर मोठ्याने हसले. "झोपलेली असते? बरं, बरं." त्यात हसण्यासारखं काय होतं कुणास ठाऊक.

सुट्टीनंतर त्यांनी आयत्या वेळी तो तुकडा व्हायोलिनकडून काढून माझ्याकडे दिला. म्हणाले, "तुझी पोर शेजारी झोपलीय असं समजून वाजव. उठता कामा नये." म्हणजे आवाज मऊ ठेव. मास्तर हे असंच घरगुती भाषेत सांगायचे. व्हायोलिनवाल्याला त्या दिवशी सर्दी होती, म्हणून मला दिला असणार.

८ नोव्हेंबर, शनिवार

काय लिहू. हात लिहायला धजत नाही.

संध्याकाळी मुलाखत दाखवली. शेजारचे दोघं मुद्दाम आमच्याकडे येऊन बसले होते. मी पडद्यावर बरा दिसत होतो. बोलणं संपतं न संपतं तोच बासरीवाल्याचा फोन आला. मला वाटलं, अभिनंदन करतोय.

"अरे," तो हसून हसून बेजार झाला होता, "तू नक्की कुठल्या सिनेमात वाजवलंस? आई जाते त्या प्रसंगात एक सूर नाही! पूर्ण शांत आहे तो! सगळ्या दुनियेला माहीत आहे! मी बायकोबरोबर थिएटरात पाहिलाय!"

मी म्हणालो, "असं होय."

शेजारचे दोघं उगाच घड्याळ बघून उठले. मग भिंगरीचा फोन आला. ती हसत नव्हती. हसली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, म्हणजे तुम्ही अजूनही तो पाहिला नाहीत."

"पाहिला गं, पण आता वयोमानाप्रमाणे..."

"नाही पाहिला," ती म्हणाली. मी रिमोट शोधून टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "आणि तो डाग माझा आहे."

फोन ठेवला तिने. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ नोव्हेंबर, रविवार

कुणीतरी माझं रडगाणं आणि तो मुका प्रसंग एकापुढे एक जोडून फोनवर फिरवलाय. खाली लिहिलंय, "ऐका, कान देऊन ऐका." लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे गृहस्थ माझ्याकडे बघून सारखे ओठ दाबत होते. औषधं आणायला मी हिला पाठवलं. ही म्हणाली, "चोरी तुम्ही करायची आणि तोंड मी लपवायचं?" पण गेली.

१० नोव्हेंबर, सोमवार

उपाय सुचला. चॅनेलला कळवायचं की वयामुळे प्रसंगांची गल्लत झाली. आणि सहायकाला कळवायचं की बोटं दुखतात, कार्यक्रमाला जमणार नाही. दोन फोन, प्रश्न मिटला.

हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती, मानसुद्धा वर केली नाही. "गल्लत वयामुळे झाली," म्हणाली, "आणि रडलात ते कशामुळे?"

फोन केले नाहीत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वहिनींकडे जाऊन आलो. मास्तरांच्या पत्नीला आम्ही सगळे वादक वहिनी म्हणतो. भेटायला जायलाच हवं होतं, पण नऊ दिवस टाळलं. आधी रडू येईल म्हणून, नंतर ज्या कारणाने टाळलं ते वर लिहिलंच आहे.

मास्तरांची खोली तशीच होती. पियानोवर चष्मा, खाली सपाता. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. बसा म्हणाल्या, पाणी दिलं, हिची चौकशी केली. मुलाखतीचं नावही काढलं नाही. शेवटी मलाच राहवेना.

"वहिनी, मी टीव्हीवर जे बोललो..."

"पाहिलं मी. सूनबाईने मध्येच बंद केला."

"मी तो सिनेमा पाहिलेला नाही, वहिनी."

"माहीत आहे. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी कुठलाच पाहिलेला नाही. हे हसायचे त्यावर." मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "पण त्या प्रसंगावर बोलायला नको होतं तुम्ही. त्यापायी ह्यांनी केवढं भांडण केलं होतं! दिग्दर्शकाला तिथे पन्नास व्हायोलिनं हवी होती. ह्यांनी संगीत लिहिलंही होतं, सुंदर होतं, मी ऐकलंय. आदल्या दिवशी फाडून टाकलं. म्हणाले, बाई गेल्यावर घरात काय वाजतं? काही वाजत नाही. शिलाईचं यंत्र थांबल्याचं ऐकू येऊ दे. काम हातचं जायची पाळी आली, पण हटले नाहीत. नेहमी म्हणायचे, बाकी सगळं लोक विसरले तरी चालेल, ती शांतता तेवढी माझी."

मी मान खाली घालून ऐकत होतो. आतापर्यंत मला वाटत होतं की मी थाप मारली आणि माझं हसं झालं. तसं नव्हतं. त्या माणसाने जिवावर उदार होऊन जी एक जागा मोकळी ठेवली, तिथे मी तो गेल्यावर दोन दिवसांत जाऊन बसलो, चेलो घेऊन, रडत. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही. वहिनींच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण गुडघे ऐकत नाहीत आणि ते नाटकही झालं असतं.

निघताना विचारलं, "मग माझी धून कुठे आहे?"

"आई गेल्यानंतर बऱ्याच पुढे. शिंपी कामावरून येतो, पोर झोपलेली असते. तिच्यासाठी शिवलेला झगा तो तिच्या अंगावरून लावून बघतो, उठू नये अशा बेताने. एवढंच. दोघंही बोलत नाहीत." वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. "तो तुकडा तुम्हालाच का दिला, ते ह्यांनी कधी सांगितलं नाही?"

"व्हायोलिनवाल्याला सर्दी झाली होती," मी म्हणालो.

वहिनी माझा रिकामा पेला उचलून उठल्या. "तुमची ती भिंगरी कशी आहे?" एवढंच विचारलं. मास्तर अधूनमधून तिची आठवण काढायचे म्हणे. कमाल आहे, त्यांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

सराव. बोटं खरंच दुखतात. खोटं बोलायचं ठरवलं तेच खरं होऊन बसलं.

ही आतून म्हणाली, "जरा हळू. तेव्हा कुणीतरी झोपलंय अशा बेताने वाजवलं होतंत." मी विचारलं, तुला कसं माहीत मी तेव्हा कसं वाजवायचो? म्हणाली, "मी आणि भिंगरीने तो सिनेमा थिएटरात किती वेळा पाहिला, मोजलं नाही. तुमचा तुकडा झाला की ती घरी चला म्हणायची. त्यापुढचा सिनेमा तिने बऱ्याच वर्षांनी पाहिला."

मला हे कुणी कधी सांगितलं नाही. कदाचित सांगितलं असेल.

१९ नोव्हेंबर, बुधवार

भिंगरीला फोन केला. कार्यक्रमाला येशील का, विचारलं. दवाखाना आहे, बघते म्हणाली. दवाखाना संध्याकाळी बंद असतो हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे.

स्टेजवर काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी मी त्यात थोडा चांगला माणूस होतो. चार वेळा बदललं, तरी शेवटाकडे गळा दाटतोच. ह्या गळ्याचा आता विश्वास नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

कालचं आज सकाळी लिहितोय.

सभागृह भरलेलं होतं. स्टेजवर मागे मोठा पडदा, खाली आम्ही, म्हणजे ह्याही वेळी आमची पाठ पडद्याला. फरक एवढाच की रेकॉर्डिंगला समोर भिंत असायची, काल माणसं होती. पहिल्या रांगेत वहिनी, दुसरीत ही. हिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

आधी तो शांत प्रसंग दाखवायचा होता. आम्ही वाद्यं मांडीवर घेऊन बसलो. मागे शिलाईचं यंत्र चालत होतं. चालत होतं, आणि थांबलं. बस्स. मी पाठमोराच होतो, पण असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं. एवढ्या माणसांचा श्वास ऐकू येत होता. कुणीतरी नाक ओढलं. बासरीवाल्याची मानगूट हलत होती, तो रडत होता, खराखुरा. मग दिवे लागले.

सहायकाने माझं नाव पुकारलं. सभागृहात खसखस पिकली. मी माइकपाशी गेलो. पाठ केलेलं सगळं विसरलो, ते एक बरंच झालं.

म्हणालो, "आत्ता ऐकलंत ते मास्तरांचं. त्यात मी कुठेही नव्हतो. रडलोही नव्हतो. मी हा सिनेमा पाहिलेला नाही. टीव्हीवर मी खोटं बोललो. आणि चेलोवरचा डाग दुधाचा आहे. माझ्या मुलीने पेला ठेवला होता."

लोक हसले. मोठ्याने हसले. त्या हसण्यात मागच्या रांगांतून कुणाचं तरी हसणं मला ओळखू आलं. वर बघितलं तर भिंगरी बाजूच्या वाटेने खाली येत होती, दवाखान्याची पिशवी खांद्याला. येऊन हिच्या शेजारी बसली. मी जागेवर जाऊन गज उचलला. पुन्हा अंधार झाला.

बोटं दुखत होती, पण वाजवलं. उठता कामा नये, असं वाजवलं. मागे पडद्यावर शिंपी घरी आला असणार, कारण पडद्याचा उजेड पुढच्या रांगांवर पडला आणि चेहरे दिसायला लागले. एरवी मी कागदावरून डोळे काढत नाही. काल समोर बघत होतो. वहिनी बघत होत्या, ही बघत होती, सगळे पडद्याकडे बघत होते. भिंगरीने तेवढे डोळे मिटून घेतले होते.

मला राग आला. खरं सांगतो, क्षणभर रागच आला. इतक्या वेळा पाहिलेला प्रसंग, आज बाप समोर वाजवतोय, आणि ही डोळे मिटून बसली! मग दिसलं की पापण्या अगदी घट्ट मिटलेल्या आहेत, थरथरताहेत, आणि ओठ दाबून धरलेत, हसू फुटेल म्हणून. हात कडेला सरळ, मान जराही हलत नाही. दिवसभर भिंगरीसारखी फिरणारी पोरगी, लाकडाच्या ओंडक्यासारखी.

हा चेहरा मी हजार वेळा पाहिला होता. ती जागी असायची. एवढी वर्षं, रोज, ती जागी असायची. मी बोटं थांबवून निघून जाईन म्हणून पापणीही हलवत नसे.

मास्तरांना हे न बघता कळलं होतं. माझ्या तोंडून नुसतं ऐकून कळलं होतं. मी तिच्या उशाशी बसायचो तरी मला कळलं नाही.

शेवटचा सूर कसा संपला आठवत नाही. लोक म्हणतात बरा झाला.

घरी भिंगरीच्या गाडीतून आलो. ही मागे बसून डुलक्या घेत होती. पाहिलं ते विचारावं असं फार मनात होतं, पण कुठल्या तोंडाने विचारणार? एका सिग्नलला तीच म्हणाली, "पुढच्या रविवारी दोघं या. मी सिनेमा लावते. सुरुवातीपासून."

"मध्येच झोपलो तर?"

"झोपा की." सिग्नल सुटला, तिने गाडी पुढे घेतली. "खरंच झोपलात की नाही ते मला कळेल."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. घर येईपर्यंत माझी बोटं गुडघ्यावर चालत होती. तिने ते पाहिलं आणि गाडीतला रेडिओ बंद केला.